हलक्या विमानाचा विमा आणि न वाचलेली कलमे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

चार आसनी विमानाच्या विम्याला वर्षाला साडेतीन लाख कशासाठी, तेवढ्यात एक सेकंडहँड मोटार येते, असे एका वाचकाने आपल्या पत्रसदरात विचारले होते. प्रश्न रास्त आहे. पण हप्त्याच्या आकड्यावर घासाघीस करताना दुसरा एक आकडा नजरेआड राहतो. क्लेमच्या दिवशी पॉलिसी किती खर्च आपल्याच गळ्यात घालते, हा तो आकडा. हप्त्यापेक्षा तो कितीतरी मोठा असू शकतो. नागपूरच्या सोनेगावला, गोंदियाजवळच्या बिरसीला, चंद्रपूरजवळच्या मोरव्याला किंवा अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला विमान ठेवणाऱ्यांनी आणि घेण्याच्या विचारात असलेल्यांनी तो आधी काढावा, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी हप्त्याची फोड. सेसना १७२ वर्गाचे विमान, पॉलिसीत लिहिलेली किंमत १ कोटी २० लाख. विमानाच्या सांगाड्याचा, म्हणजे हलचा दर गणितापुरता दोन टक्के धरू. प्रत्यक्ष दर प्रत्येकाला वेगळा मिळतो. झाले २ लाख ४० हजार. त्रयस्थ (विमानाबाहेरच्या लोकांचे आणि मालमत्तेचे नुकसान), प्रवासी, पायलट आणि युद्धजोखीम यांचे मिळून ६० हजार धरू. तीन लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४ हजार. एकूण ३ लाख ५४ हजार. वर्षाला ५० तास उडणाऱ्याला हा विमा तासाला ७,०८० रुपयांना पडतो, १५० तास उडणाऱ्याला २,३६० रुपयांना. जीएसटीचे ५४ हजार परत मिळतील या आशेवर राहू नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे विमानाच्या विम्यावरचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) प्रवासी किंवा मालवाहतूक, उड्डाण प्रशिक्षण अशा करपात्र कामाला विमान लावले तरच मिळते. विमान कंपनीच्या नावावर आहे एवढ्याने भागत नाही. हे कधीकधी सीएलाही दुसऱ्यांदा सांगावे लागते.

मोटारीशी तुलना इथेच मोडते. मोटारी कोट्यवधी, खासगी हलकी विमाने मोजकी. दोन टक्के दराने पन्नास विमानांचा वर्षाचा हप्ता गोळा केला तर एक विमान भरून निघते, तेही विमा कंपनीचा कारभारखर्च शून्य धरून. म्हणून भारतीय कंपनी ही जोखीम एकटी पोटात ठेवत नाही. चार टक्के कायद्याने जीआयसी री या सरकारी पुनर्विमा (विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या) कंपनीकडे जातात, बाकीतला मोठा हिस्सा देशातल्या आणि लंडनच्या पुनर्विमा बाजारात. नागपूरच्या शाखाधिकाऱ्याशी कितीही चहा प्या, दर त्याच्या हातात नसतो. पायलटचा अनुभव, विमान उभे राहण्याची जागा, लिहिलेली किंमत आणि डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आधी आपण सोसायची रक्कम) या चार गोष्टी मात्र मालकाच्या हातात असतात.

किंमतीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. मोटारीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते. विमानाच्या पॉलिसीत बहुधा ठरीव किंमत असते. वर्ष सुरू होताना दोघांनी मान्य केलेली, आणि विमान पूर्ण गेले तर तेवढीच मिळणारी. हप्ता वाचवायला ती अर्धी लिहिली तर काय होते? बाजारात १ कोटी २० लाखांचे विमान ६० लाखांना लिहिले. जोरात आदळले, दुरुस्ती ५५ लाखांची निघाली. कंपनी म्हणेल, विमान संपूर्ण गेले असे धरू, हे घ्या ६० लाख, सांगाडा आमचा. नियमाने ते बरोबरच असते. दुरुस्त होण्याजोगे विमान भंगाराच्या भावात हातातून जाते. उलट किंमत फुगवून लिहिली तर कंपनी शेवटपर्यंत दुरुस्तीच करत बसते आणि डागडुजी केलेले विमान आपल्या माथी येते. इंजिन, प्रोपेलर, एव्हिओनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे) डॉलरमध्ये येतात आणि पॉलिसी रुपयात असते, त्यामुळे जुन्या वर्षाची किंमत नक्कल करून पाठवू नये. दर नूतनीकरणाला त्याच वर्षाच्या विमानांचे, तेवढ्याच इंजिन तासांचे विक्रीभाव पाहावेत आणि आयातीचा खर्च त्यात धरावा.

आता पायलटचे कलम. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक पॉलिसी लंडन बाजाराच्या ‘एव्हीएन १सी’ या नमुन्यावर बेतलेल्या असतात. त्यात एक कोरडे वाक्य असते: शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या तक्त्यात) लिहिलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणी विमान चालवत असेल तर संरक्षण नाही. शेड्यूलमध्ये कधी नावे असतात, कधी अट असते, उदाहरणार्थ एकूण इतके तास आणि याच प्रकारच्या विमानावर इतके तास. पुण्याहून आलेला अनुभवी मित्र ‘जरा एक सर्किट मारतो’ (धावपट्टीभोवती एक फेरी) म्हणाला आणि त्याचे नाव यादीत नसेल, तर त्या दहा मिनिटांत सव्वा कोटीचे विमान विम्याशिवाय हवेत असते. त्याचे दहा हजार तास बोइंगवरचे असले तरी. लायसन्स, मेडिकल आणि रेटिंगच्या तारखाही याच कलमाच्या पोटात येतात. क्लास टू मेडिकल परवा संपले आणि काल प्रोपेलर टेकला, तर सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा) पहिला कागद तोच मागतो. तशीच गोष्ट विमानाच्या एआरसीची, म्हणजे दरवर्षी नवे करायच्या एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेटची.

नव्या पायलटाला जादा दर का, याची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. चाळीस-पन्नास तासांच्या पीपीएल (खासगी पायलट लायसन्स) धारकाकडून विमान पाडले जाण्याची भीती कंपनीला फारशी नसते. भीती असते ती लँडिंगची. वेग जास्त, विमान सपाट येते, उसळते. पायलट घाबरून स्टिक पुढे ढकलतो, पुढचे चाक आधी टेकते, दुसरी उसळी पहिल्यापेक्षा मोठी येते आणि तिसऱ्या उसळीला प्रोपेलरची टोके डांबराला लागतात. म्हणून हप्ता कमी करायचा असेल तर नूतनीकरणाआधीच्या तीन महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर आठ-दहा तास क्रॉसविंड (बाजूच्या वाऱ्यातल्या) आणि शॉर्टफील्ड (आखूड पट्टीवरच्या) लँडिंगचे करावेत, त्यांची लॉगबुकात स्वतंत्र नोंद घ्यावी आणि प्रस्तावाबरोबर त्या पानांची प्रत जोडावी. एकूण तासांपेक्षा त्या प्रकारावरचे आणि गेल्या ९० दिवसांतले तास अंडररायटर (जोखीम तपासून दर ठरवणारा) बारकाईने पाहतो.

तो प्रोपेलर जरा जवळून पाहू. सर्व्हेअर पहिल्यांदा पाती पाहतो: टोके पुढे वळली असतील तर इंजिन जोरात होते, मागे वळली असतील तर थ्रॉटल बंद किंवा अगदी कमी होता. मग तो पेडलमागे हात घालून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, खालच्या भागावर बोटे फिरवतो. १७२ मध्ये नोजगिअरचा, म्हणजे पुढच्या चाकाचा, धक्का तिथेच बसतो. पत्र्याला सुरकुती आणि रिव्हेटभोवती घासल्याचा काळसर डाग दिसला की बिल लाखांनी वाढते. त्यानंतर इंजिन. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ५३३ प्रमाणे पात्यांची किरकोळ घासणी सोडून इतर दुरुस्ती लागली तर तो प्रोपस्ट्राइक समजायचा, मग इंजिन त्या वेळी बंद का असेना. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर, त्याची डॉवेल पिन आणि बोल्टचे आटे तपासून बोल्ट व लॉकप्लेट नवी घालणे हे २००४ च्या अमेरिकी एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने (सुरक्षा आदेशाने) बहुतेक डायरेक्ट-ड्राइव्ह लायकमिंग इंजिनांना सक्तीचे केले आहे. कारण साधे आहे. कॅमशाफ्ट, मॅग्नेटो आणि ऑइलपंप त्याच गिअरवर फिरतात. तो सुटला की हवेत इंजिन एका झटक्यात गप्प.

आता हिशेब. एव्हीएन १सी मध्ये लिहिले आहे की अपघातामुळे एखादे युनिट दुरुस्त केले किंवा बदलले, तर त्याचे जेवढे आयुष्य वापरून झाले त्या प्रमाणात त्याच्या ओव्हरहॉलचा (पूर्ण उघडून नव्यासारखे करण्याचा) खर्च क्लेममधून वजा होईल. इंजिनाचे ओव्हरहॉल आयुष्य २,००० तास, आपले झाले १,२००. म्हणजे साठ टक्के. ओव्हरहॉलचा खर्च ३० लाख धरला तर १८ लाख आपले. त्यावर डिडक्टिबल, एक टक्का असेल तर १ लाख २० हजार. म्हणजे १९ लाख २० हजार खिशातून, आणि या मालकाने हप्त्यात तीस हजारांची सूट मिळवली म्हणून आनंद मानलेला असतो! प्रोपेलरलाही तोच नियम लागतो. यावर उपाय आहे. कोटेशन मागतानाच विचारावे की प्रोपस्ट्राइकनंतर इंजिन उघडून तपासण्याचा, परत जोडण्याचा आणि तुटलेल्या भागांचा खर्च कपातीशिवाय मिळेल का, आणि कपात फक्त मालकाने स्वतःहून पूर्ण ओव्हरहॉल करून घेतला तरच लागेल का. मान्य झाले तर ते एन्डॉर्समेंट (पॉलिसीची लेखी पुरवणी) म्हणून लिहून घ्यावे. ब्रोकरचा फोनवरचा होकार क्लेमच्या फाइलला लागत नाही.

विमान कशासाठी वापरता, हा रकानाही असाच घाईत भरला जातो. ‘खासगी आनंद’ आणि ‘व्यवसाय’ हे दोन वेगळे वापर आहेत. पहिला कमी दराचा. पण त्यावर विमा घेऊन मालक आपल्या चंद्रपूरच्या कारखान्याच्या बैठकीला उडाला तर तो वापर पॉलिसीबाहेरचा. ‘व्यवसाय’ घेतला तरी भाडे घेणे त्यात बसत नाही. निवडणुकीच्या दिवसांत ओळखीच्या पुढाऱ्याला विमान ‘उसने’ दिले आणि तेल-पायलटचे म्हणून पाकीट घेतले, की विमा कंपनीच्या लेखी ते भाडेच, आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या लेखी खासगी नोंदणीच्या विमानाचा गैरवापर. मुलाला त्याच विमानावर शिकवायचे असेल तर प्रशिक्षणही वेगळे लिहून घ्यावे लागते.

आपल्या भागाच्या हवेबद्दल. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, पारा ४५ वर जातो. सोनेगावची उंची समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडी वर, पण त्या उष्णतेत हवा एवढी विरळ होते की विमानाला ती जवळपास पाच हजार फुटांवरची वाटते. सोनेगावच्या ३,२०० मीटर धावपट्टीवर हे जाणवत नाही. जिल्ह्याच्या आखूड पट्टीवर चार माणसे आणि भरलेली टाकी घेऊन जाणवते. सेसना १७२ च्या पुस्तकातले टेकऑफचे कोष्टक ४० अंशांवर संपते. पुढचा रकानाच नाही. पॉलिसीत तर निर्मात्याच्या शिफारशीत न बसणाऱ्या जागेवरून उड्डाण-अवतरण वगळलेले असते, नाइलाजाने उतरावे लागले तर गोष्ट वेगळी. कोष्टकात नसलेल्या तापमानाला, वजनाचा तक्ता न भरता केलेले दुपारचे उड्डाण म्हणजे सर्व्हेअरच्या हाती आयते कोलीत. सकाळी आठच्या आत उडावे आणि वजन-तोलाचा कागद जमिनीवर ठेवून जावे. विमानाबरोबर तोही जळाला तर दाखवायचे काय?

उभ्या विमानाचे नुकसान इथे मार्च ते जूनच्या वादळांत आणि गारपिटीत होते. हँगर असेल तर दर कमी मिळतो, पण ‘हँगर’ लिहून विमान आठ महिने बाहेर उभे ठेवले तर ती चुकीची माहिती ठरते. बाहेर बांधताना काळ्या मातीचा विसर पडू नये. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. एप्रिलमध्ये घट्ट ठोकलेली खुंटी जूनमध्ये हाताने उपटते. कमीत कमी तीन जागी काँक्रीटमध्ये पुरलेले लोखंडी कडे हवे, दोन्ही पंखांखाली आणि शेपटीला. दोर नायलॉनचा, इंचभर ढील ठेवून. फार ताणून बांधला तर वाऱ्याच्या झटक्याचा ताण पंखाच्या स्ट्रटवर येतो. गस्टलॉक (वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून), पिटोटचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीचे, कव्हर (कुंभारीण माशी दोन दिवसांत पिटोट मातीने बुजवते), चाकांना ठोकळे. याचा एक फोटो प्रस्तावाला जोडला तर अंडररायटरला पानभर वर्णनापेक्षा जास्त कळते.

उन्हाने विंडशील्डला पडलेल्या बारीक चिरा, गंज, जुना झालेला रबराचा होस, आपोआप बिघडलेला मॅग्नेटो यांचे पैसे कोणतीच पॉलिसी देत नाही. तो झिजेचा भाग. दंगल, संप, मुद्दाम केलेली मोडतोड ही ‘एव्हीएन ४८बी’ कलमाने वगळलेली असते. त्रयस्थ दायित्वापुरती ती ‘एव्हीएन ५२’ ने परत घेता येते आणि हलसाठी वेगळी युद्धजोखीम घ्यावी लागते. हप्त्याच्या मानाने ती महाग नसते. घ्यावी.

पावसाळ्यात विमान उडणारच नसेल तर ‘ले-अप’ मागता येतो. ठरावीक सलग दिवस, बहुधा तीस किंवा जास्त, विमान फक्त जमिनीवर असेल असे आधी लेखी कळवायचे, उड्डाणाची जोखीम बंद, आणि वर्षाअखेरीस हप्त्याचा काही भाग परत. मृगापासून पोळ्यापर्यंत विमान झाकून ठेवणाऱ्याला हे सोयीचे. पण नुसते झाकून ठेवण्यात एक खोच आहे. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो. तेल खाली उतरते, दमट हवेत कॅमचे लोब गंजतात आणि दिवाळीत इंजिन सुरू केले की तो गंज टॅपेट खातो. हप्त्याचे वाचलेले पंधरा-वीस हजार कॅमशाफ्टच्या एका बिलात जातात, आणि गंज पॉलिसीबाहेर. ले-अप घ्यायचा तर इंजिनात प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल घालून शेवटचे उड्डाण करावे, स्पार्कप्लगच्या जागी डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावावेत, एक्झॉस्ट आणि ब्रीदरची तोंडे बंद करून लाल फिती लावाव्यात, आणि त्या काळात प्रोपेलर हाताने फिरवू नये. फिरवला तर उरलेला तेलाचा थरही पुसला जातो.

दायित्वाकडे मालक सर्वांत कमी लक्ष देतात. शेजारी बसलेला मित्र प्रवासी असतो. पायलट प्रवासी नसतो, त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा लागतो. घरातली जुनी अपघात पॉलिसी काढून पाहावी. नियमित विमानसेवेचा तिकीटधारी प्रवासी सोडून इतर हवाई प्रवास वगळल्याची ओळ बऱ्याच पॉलिसींत असते. आसनांची संख्याही शेड्यूलप्रमाणेच हवी. चार लिहिले आणि मांडीवर पाचवा म्हणून एखादे मूल बसवले, तर प्रश्न त्या मुलापुरता राहत नाही.

खरेदीची पद्धतही हप्त्यावर परिणाम करते. तीन ब्रोकरना एकाच वेळी कोटेशन काढायला सांगू नये. तिघे त्याच दोन-चार पुनर्विमाकारांकडे जातात, बाजार अडतो आणि विमान दरासाठी दारोदार फिरवले जाते आहे असा समज होतो. एकाला लेखी अधिकारपत्र द्यावे, मुदत संपण्याच्या सहा-आठ आठवडे आधी. सोबत पायलटांचे तास, पाच वर्षांचा क्लेम इतिहास, एआरसी, इंजिन आणि प्रोपेलरचे ओव्हरहॉलनंतरचे तास आणि जागेचे फोटो. सोनेगावच्या चार-पाच मालकांनी एकत्र येऊन एकाच ब्रोकरमार्फत, एकाच तारखेला नूतनीकरण केले तर एकट्या विमानाला लागणारा किमान हप्ता टळू शकतो, आणि अंडररायटरही फाइल गंभीरपणे उघडतो. एवढे जमवायला कुणाची परवानगी लागत नाही. पैसे मात्र मुदतीच्या आत पोचायला हवेत. विमा कायद्याचे कलम ६४व्हीबी सांगते की हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. ‘सोमवारी चेक देतो’ म्हणून शनिवार-रविवार उडणे म्हणजे विम्याशिवाय उडणे.

आणि अपघात झालाच तर. माणसे बाहेर, मास्टर आणि फ्युएल बंद, मग कळवायचे ते एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) किंवा धावपट्टीचा ताबा असणाऱ्यांना, डीजीसीए आणि एएआयबी या अपघात तपास यंत्रणेला, त्याच तासात ब्रोकरला. तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय विमान हलवू नये आणि कंपनीच्या संमतीशिवाय एकही नट उघडू नये. सुरक्षिततेपुरते किंवा अधिक नुकसान टाळण्यापुरते केलेले चालते. नाइलाजाने शेतात उतरलेल्या विमानाला पहारेकरी, ताडपत्री, क्रेन यांचा तातडीचा खर्च ठरीव किंमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत मागता येतो, म्हणून शेतकऱ्याला दिलेल्या पिकाच्या पैशांसह प्रत्येकाची पावती घ्यावी. पिकाची भरपाई त्रयस्थ दायित्वात जाते, तिचा आकडा मात्र कंपनीला विचारल्याशिवाय कबूल करू नये.

पंख उतरवून विमान ट्रकवर नागपूरला आणायचे असेल, तर ते क्लेमच्या अपघातामुळे असेल तरच वाटेतले नुकसान या पॉलिसीत येते. नवीन घेतलेले विमान ट्रकने आणताना ते येत नाही. त्या प्रवासाला वेगळी ट्रान्झिट पॉलिसी काढावी, आणि पंखाखालचे लाकडी पाळणे भरण्याआधी व उतरवल्यावर फोटोत घ्यावेत.

आपले,
हलक्या विमानांच्या देखभालीशी आणि विम्याशी रोजचा संबंध असलेले काही वाचक,
नागपूर